फुगलेला कंडेन्सर आणि शाळेतला बंद संगणक



तुमच्या शाळेत एखादी खोली किंवा कपाटाचा कोपरा असा असेलच, जिथे बंद पडलेले संगणक जुन्या बॅनरखाली झाकून ठेवलेले आहेत. डेडस्टॉकला नोंद असल्यामुळे फेकता येत नाहीत, चालू होत नाहीत म्हणून वापरता येत नाहीत. दर वर्षी निर्लेखनाच्या यादीत त्यांची नावं येतात आणि कागद कुठेतरी अडकतो. आमच्या शाळेत असे तीन होते. ते का बंद पडले हे शोधताना माझ्या वर्गाने गणित, परिसर अभ्यास आणि थोडं निरीक्षण यांचा जो पाठ केला तो आज लिहितो आहे. त्याआधी माझी एक चूक सांगावी लागेल, कारण पाठ तिथूनच सुरू झाला.

आमची शाळा पारोळा तालुक्यातली, म्हणजे जळगाव जिल्ह्यात असून बाजारहाटाला धुळे जवळचं. २००८ साली गावातल्या एका माजी विद्यार्थ्याच्या ओळखीने मुंबईच्या एका कार्यालयातले तीन वापरलेले संगणक शाळेला मिळाले. मी तेव्हा डीएड करून नुकताच लागलो होतो. नारळ फोडला, हार घातले, सरपंचांच्या हस्ते बटण दाबलं. तीन वर्षं मुलांनी त्यावर चित्रं काढली, नावं टाईप केली, पाढ्यांचे खेळ खेळले. मग २०११ च्या सुमारास तक्रारी सुरू झाल्या. एक संगणक पहिल्या बटणाला उठायचा नाही, तिसऱ्या-चौथ्याला उठायचा. दुसरा मध्येच आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. एके दिवशी चौथीतला एक मुलगा चित्र काढत असताना पडदा काळा झाला आणि नंतर तो संगणक उठलाच नाही. मी विचारलं, "काय दाबलंस?" तो म्हणाला, "सर, काहीच नाही." मला ते पटलं नाही. उरलेली तासिका त्याला वर्गाबाहेर उभं केलं.

वर्षभरात बाकीचे दोनही गेले. शाळेच्या बैठकीत "मुलं कशीही हाताळतात" असं ठरलं आणि खोलीला कुलूप लागलं. ते ठरवणाऱ्यांत मीही होतो.

कुलूप निघालं २०१६ मध्ये. प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचं वारं होतं, धुळे-जळगावकडे गावोगावी लोकवर्गणीतून शाळा डिजिटल होत होत्या. आमच्याकडेही टीव्ही येणार होता आणि त्याला खोली हवी होती. मी म्हटलं, हे डबे जायचेच आहेत तर निदान उघडून मुलांना आतलं दाखवू. पाचवीच्या वर्गात एक कॅबिनेट टेबलावर घेतलं, पत्रा काढला, धूळ ब्रशने झटकली. मी "हा पंखा, ही रॅम, हा प्रोसेसर" असं सुरू केलं होतं, तेवढ्यात एक मुलगी वाकून म्हणाली, "सर, यानं पोट फुगी गयं!"

तिने बोट ठेवलं होतं प्रोसेसरच्या शेजारी उभ्या असलेल्या छोट्या गोल डबीवर. पेन्सिल सेलपेक्षा बुटकी, वर चंदेरी पत्रा. शेजारच्या डब्यांचा माथा सपाट होता, हिचा मात्र कढईत टम्म फुगलेल्या पुरीसारखा. तिच्या घरी म्हशी आहेत. पोटफुगी झालेलं जनावर तिने पाहिलेलं, म्हणून तिला ते आधी दिसलं. मला दिसलं नव्हतं.

ही डबी म्हणजे कंडेन्सर. विज्ञानाच्या पुस्तकी भाषेत धारित्र, दुकानात कपॅसिटर, पण आपल्याकडे कंडेन्सर हा शब्द आजीलाही माहीत असतो. पंखा हळू फिरायला लागला की "कंडेन्सर गेला", कूलर नुसता घुं करतो की "कंडेन्सर बदल". शेतात एक फेज नसताना मोटर चालवायला लोक कंडेन्सर लावतात हेही मुलांनीच सांगितलं. म्हणून पाठाची सुरुवात मुलांच्या घरातून करा, व्याख्येतून नको. फक्त एवढं सांगा की पंख्याचा कंडेन्सर वेगळ्या जातीचा, कोरडा असतो. मदरबोर्डवरच्या या जुन्या डब्यांत ओलावा असतो, आणि गोष्ट त्या ओलाव्याचीच आहे.

आत काय असतं? ॲल्युमिनिअमच्या दोन लांब पातळ पट्ट्या, त्यांच्यामध्ये रासायनिक द्रवात भिजवलेला कागद, आणि हे सगळं चटई गुंडाळावी तसं घट्ट गुंडाळून डबीत बसवलेलं. एका पट्टीवर ॲल्युमिनिअम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. वीज साठते ती त्या थराच्या दोन बाजूंना. खाली रबराचं बूच, त्यातून दोन पाय. डबीवर बाहेरून रंगीत प्लॅस्टिक आणि त्यावर एका बाजूला उभी पट्टी. पट्टीकडचा पाय ऋण. वरच्या पत्र्यावर अधिक चिन्हासारखी किंवा इंग्रजी के अक्षरासारखी खाच मुद्दाम कोरलेली असते. आत वायू झाला तर डबी फटाक्यासारखी फुटण्याऐवजी त्या खाचेतून उकलावी, यासाठी.

आणि काम काय? मुलांना मी घरच्या पाण्याच्या ड्रमचं उदाहरण दिलं. नळाला पाणी कधी येतं, कधी जातं, कधी जोरात, कधी करंगळीएवढं. पण आई ड्रममधून तांब्याने पाणी घेते तेव्हा तिला हवं तेव्हा, हवं तेवढं मिळतं. संगणकात वीजपुरवठ्याच्या पेटीकडून १२ व्होल्ट येतात आणि प्रोसेसरला लागतात जेमतेम दीड व्होल्ट. मदरबोर्ड ती वीज सेकंदाला लाखो वेळा तोडून-जोडून खाली आणतो. अशी तुटक वीज थेट प्रोसेसरला दिली तर तो गोंधळेल. या डब्या ड्रमचं काम करतात, मधल्या खाचा भरून काढतात. डबी आतून वाळली किंवा फुगली की ड्रमला भोक पडलं म्हणून समजा. प्रोसेसरला ऐन गरजेच्या क्षणी वीज कमी पडते आणि संगणक अडकतो, आपोआप पुन्हा सुरू होतो किंवा उठतच नाही. पहिल्या बटणाला न उठणारा आमचा संगणक हेच सांगत होता. (तारीख-वेळ दर वेळी चुकणं हे मात्र या डब्यांचं काम नाही, ते नाण्यासारख्या गोल सेलचं. तो पाचच मिनिटांत बदलता येतो.)

आता प्रश्न: डब्या का फुगल्या? शिक्षक-खोलीत उत्तर तयार होतं. आपलं ऊन, आपली धूळ, आपली लाईट आणि आपली मुलं. खानदेशात राहून उन्हाला दोष देणं सोपं आहे. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे गेल्याची बातमी दर वर्षी असते. मी म्हटलं, गणित करून बघू.

डबीवर १०५ अंश असं छापलेलं असतं. म्हणजे १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालेल. अशा डब्यांचं त्या तापमानातलं आयुष्य साधारण २००० तास धरतात आणि तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. पाचवीच्या मुलांसाठी याहून चांगलं दुप्पटीचं उदाहरण मला अजून मिळालेलं नाही. फळ्यावर तक्ता केला: १०५ ला २०००, ९५ ला ४०००, ८५ ला ८०००, ७५ ला १६,०००, ६५ ला ३२,०००. मग बंद कॅबिनेटच्या आत उन्हाळ्यात किती तापत असेल यावर वाद झाला. आम्ही सढळ हाताने ७५ धरलं. एक मुलगा म्हणाला, "सर, मे महिन्यात तर सुट्टी असते. आणि मार्च-एप्रिलला सकाळची शाळा." खरंच की! तरीही ७५ च धरलं.

संगणक २००४ चा. कार्यालयात तीन-साडेतीन वर्षं होता. तीन वर्षं, रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस: ७२०० तास. शाळेत तीन वर्षं, रोज ४ तास, २०० दिवस: २४०० तास. एकूण ९६००. कार्यालयातलं आणखी अर्धं वर्ष धरलं तर १०,८००. आणि ७५ अंशांचं आयुष्य १६,०००. शिवाय या हिशेबात आयुष्य संपणं म्हणजे डबीची साठवणूक कमी होत जाणं. पोट फुटून तपकिरी चिकटा बाहेर येणं नव्हे.

वर्ग शांत झाला. उत्तर जुळत नव्हतं. अशा वेळी उत्तर देण्याची घाई करू नका असं आपण प्रशिक्षणात ऐकतो. इथे मला खरोखर उत्तर माहीत नव्हतं, त्यामुळे घाईचा प्रश्नच नव्हता.

पुढचा पुरावा मुलांनी काढला. दुसरं कॅबिनेट उघडलं. त्यात प्रोसेसरभोवती हिरव्या आणि तपकिरी अशा दोन रंगांच्या डब्या होत्या, म्हणजे दोन वेगळ्या कारखान्यांच्या. मी गटांना मदरबोर्डचा नकाशा काढायला सांगितला: प्रत्येक डबीला एक गोल, फुगलेल्या गोलात तिरप्या रेघा. नकाशा पूर्ण झाला तेव्हा तिरप्या रेघा फक्त हिरव्यांवर होत्या. तपकिरी एकही फुगली नव्हती, आणि त्यातल्या दोन तर फुगलेल्या हिरव्यांना चिकटून उभ्या होत्या. तीच खोली, तेच ऊन, तीच धूळ, तीच लाईट, तीच मुलं. फरक एकच, कारखाना.

त्या रात्री मी वाचायला बसलो आणि लक्षात आलं की ही आमच्या गावाची गोष्टच नाही. १९९९ नंतरच्या सात-आठ वर्षांत बनलेल्या मदरबोर्डांवर जगभर ही साथ आली होती. इंग्रजीत तिला कंडेन्सरांचा प्लेगच म्हणतात. कारण असं: वेगवान प्रोसेसरांसाठी डबीतल्या द्रवाने विजेला कमीत कमी अडवावं लागतं, म्हणून त्यात पाण्याचं प्रमाण वाढवलं गेलं. पण पाणी ॲल्युमिनिअमला खातं. ते रोखणारी रसायनं द्रवात नेमक्या प्रमाणात लागतात. ती नसली तर आत हळूहळू हायड्रोजन वायू तयार होतो आणि डबी फुगते. म्हशीच्या पोटफुगीची उपमा इतकी जवळची निघेल असं वाटलं नव्हतं, तिथेही वायूच अडकतो. तैवानमधल्या काही कारखान्यांच्या डब्यांत हा दोष निघाला. जपानी कंपनीतून द्रवाचं सूत्र चोरलं गेलं आणि ते अर्धवटच हाती लागलं, असं २००२-०३ मध्ये त्या उद्योगाच्या नियतकालिकांत छापून आलं होतं. चोरीची गोष्ट ऐकून मुलं खूश झाली. मी त्यांना सांगितलं की छापून येणं आणि सिद्ध होणं वेगळं.

उन्हाला पूर्ण सोडता येत नाही. रासायनिक क्रिया उष्णतेत वेगाने होते, त्यामुळे सदोष डबी आपल्या पत्र्याच्या खोलीत थंड प्रदेशापेक्षा लवकर जाणार. पण दोष तिच्यात कारखान्यातच भरलेला होता.

यातला एक प्रसंग मी मुद्दाम सगळ्या सहकाऱ्यांना वाचून दाखवला. अमेरिकेतल्या ऑस्टिन इथल्या टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागात डेल कंपनीचे संगणक एकामागून एक बंद पडू लागले. न्यूयॉर्क टाइम्सने जून २०१० मध्ये दिलेल्या बातमीनुसार, कंपनीने तपासणी करून कारण सांगितलं की विभागाने संगणकांना फार अवघड गणितं करायला लावली, त्याचा ताण पडला! प्रत्यक्षात आत सदोष कंडेन्सर होते. त्याच बातमीनुसार मे २००३ ते जुलै २००५ या काळात असा धोका असलेले किमान १ कोटी १८ लाख संगणक त्या कंपनीने विकले होते. या दुरुस्त्यांसाठी कंपनीने २००५ मध्ये ३० कोटी डॉलर बाजूला काढले. ॲपललाही आपल्या आयमॅक जी-५ संगणकांची फुकट दुरुस्ती करून द्यावी लागली. आमचे तीन कोणत्या कंपनीचे होते ते सांगत नाही, दोष डबीचा होता.

अवघड गणितं केली म्हणून संगणक बिघडला. आणि चौथीतल्या मुलाने काहीतरी दाबलं म्हणून संगणक बिघडला. दोन्ही वाक्यं मी फळ्यावर एकाखाली एक लिहिली आणि मुलांना पाच वर्षांपूर्वीचा तो प्रसंग सांगितला. नाव घेतलं नाही, पण गाव लहान आहे. एकीने विचारलं, "मग तुम्ही त्याला सांगितलं का?" तोपर्यंत सांगितलं नव्हतं. तो तेव्हा नववीत होता, सायकलने हायस्कूलला जायचा. पुढच्या आठवड्यात थांबवून सांगितलं. त्याला प्रसंग आठवत होता, दिवसही आठवत होता. तो हसला आणि म्हणाला, "सर, मी घर काढत होतो. खिडकी राहिली होती."

आता कामाचं. तुमच्या शाळेतला जुना संगणक निर्लेखनाला पाठवण्याआधी एकदा उघडून बघा. आधी वायर भिंतीतून काढा, मग कॅबिनेटचं बटण दोन-चार वेळा दाबा म्हणजे साठलेली वीज उतरेल, थोडं थांबा. मोबाईलची बॅटरी तिरपी धरा. डबीचा माथा सपाट असेल तर प्रकाशाची चकाकी सरळ दिसते, जरा जरी फुगला असेल तर चकाकी वाकते. माथ्यावर किंवा बुडाशी तपकिरी-पिवळा चिकटा, वाकडी उभी डबी, हीही लक्षणं. बघणं मुलांना जमतं, आपल्यापेक्षा चांगलं जमतं. पण एक गोष्ट अगदी काटेकोर पाळा: कॅबिनेटमधली वीजपुरवठ्याची बंद पेटी, जिला आपण एसएमपीएस म्हणतो, ती उघडायची नाही. तुम्हीही नाही, मुलांनी तर अजिबात नाही. तिच्यातल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज असते आणि वायर काढल्यावरही ती काही काळ राहू शकते. जुन्या डबा मॉनिटरचंही तसंच. पंख्याचा कंडेन्सर काढताना झटका बसलेला एखादा पालक गावात सापडेल, त्यालाच वर्गात बोलवा, तुमच्या दहा सूचनांचं काम होईल.

दुरुस्तीसाठी मी आधी जळगावला गोलाणी मार्केटमध्ये विचारलं. "सर, बोर्ड बदला, नाहीतर नवीन घ्या," असं दोन-तीन ठिकाणी ऐकलं. त्यांचंही चुकत नाही, त्या कामात वेळ जातो आणि पैसे सुटत नाहीत. शेवटी धुळ्याला आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक वयस्कर काका भेटले. बोर्ड उलटा-पालटा करून म्हणाले, "मास्तर, येळ लागी, पन हुई जाई." त्यांनी समजावलेलं इथे देतो. नव्या डबीची साठवणूक जुनीएवढीच हवी, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. १०५ अंशांचीच घ्यायची आणि ती मदरबोर्डसाठीच्या, विजेला कमी अडवणाऱ्या जातीची हवी. टीव्हीच्या पेटीतली साधी डबी बसते पण टिकत नाही. पट्टीची बाजू उलटली तर डबी तापून फुटते. आणि मदरबोर्डला तांब्याचे अनेक थर असतात, ते उष्णता ओढून घेतात, त्यामुळे घरच्या छोट्या सोल्डरिंगने पाय सुटत नाहीत आणि जोर लावला तर बोर्डच जातो. म्हणून घरी प्रयोग नको.

दोन बोर्डांचे मिळून सहाशे रुपये झाले, डब्या आणि मजुरी धरून. एक संगणक पहिल्याच बटणाला उठला. दुसरा तीन दिवसांनी, रॅम पुसून बसवल्यावर. विंडोज एक्सपी इतकी जुनी झाली आहे की त्यावर इंटरनेट नको, पण मराठी टायपिंग, चित्रं आणि पाढे यांना तिचं काय बिघडतं? गेली दोन वर्षं ते दोन्ही चालू आहेत.

२०१० च्या आसपासच्या आणि नंतरच्या मदरबोर्डांवर बहुतेक ठिकाणी घट्ट प्रकारचे कंडेन्सर आले, ज्यांत द्रवच नसतो, त्यामुळे हा आजार त्यांना सहसा होत नाही. पण द्रवाच्या डब्या गेलेल्या नाहीत. वर्गातल्या एलईडी टीव्हीत, सेट-टॉप बॉक्सच्या ॲडाप्टरमध्ये, इन्व्हर्टरमध्ये त्या आहेतच. लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही लाल दिवा दाखवतो पण सुरू होत नाही, असं झालं तर मेकॅनिकला "पॉवर बोर्डचे कंडेन्सर आधी बघा" एवढं जरूर म्हणा. पॅनेल गेलं असं ऐकून टीव्ही भंगारात घालू नका.

आमचा तिसरा संगणक मात्र उठला नाही. त्याच्या डब्यांमधून गळालेल्या द्रवाने खालच्या बारीक वाटा खाल्ल्या होत्या, काकांनी हात वर केले. भंगारवाल्याला दिला नाही, कारण तो तांब्यासाठी वायरी आणि बोर्ड जाळतो आणि धूर गावातच राहतो. एसएमपीएस न उघडता वेगळी काढून कपाटात ठेवली आहे, तालुक्याला ई-कचरा गोळा होईल तेव्हा जाईल. मदरबोर्ड पुसून, वरून पारदर्शक प्लॅस्टिक लावून वर्गाच्या भिंतीवर टांगला आहे. खाली मुलांनी काढलेला डब्यांचा नकाशा चिकटवलाय. यंदाच्या पाचवीला मी अजून काहीच सांगितलेलं नाही. परवा दोघं जण खाली उभं राहून मोजत होते.